ऐतिहासिक रहस्यकादंबरी : उमराव शोधक आणि खडकीचा परिसर

ऐतिहासिक रहस्यकादंबरी हा रहस्यकथेचा एक उपप्रकार होय. लेखकाच्या स्वतःच्या काळापूर्वीच्या एखाद्या कालखंडात गुन्हा घडतो, त्याच कालखंडातील साधने व समजुती यांच्या आधारे त्याचा छडा लावला जातो आणि गुन्हेगार कोण या प्रश्नाइतकेच त्या काळचे राहणीमान वाचकाला गुंतवून ठेवते, ही त्याची ढोबळ लक्षणे सांगता येतील. या प्रकाराची एक शाखा हलक्याफुलक्या, विनोदी वळणाची आहे. तीत रक्तपाताची वर्णने टाळलेली असतात. मृत व्यक्तीविषयी वाचकाला फारशी माया वाटू नये, अशीच बहुधा योजना असते. घटनास्थळ एखादा वाडा, एखादे गाव किंवा हवा खाण्याचे ठिकाण असे मर्यादित असते आणि शोध घेणारी व्यक्ती पोलीस खात्यातील नसून उमराव घराण्यातील, वेळ घालविण्यासाठी काही उद्योग शोधणारी अशी असते. अखेरीस गुन्हेगार सापडतो, बिघडलेली घडी पुन्हा बसते आणि चहाचे पेले पुन्हा भरले जातात.

या शाखेला इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत मोठा वाचकवर्ग लाभला. मराठीत ती रुजली नाही. मराठीत ऐतिहासिक कादंबरी विपुल आहे, रहस्यकथाही विपुल आहे. परंतु या दोहोंचा संकर क्वचितच झाला. वाचकांची अभिरुची किंवा लेखकांची अनास्था एवढेच कारण त्यामागे नसावे. पुण्यालगतच्या खडकी–गणेशखिंड परिसराशी निगडित अशा दोन खून प्रकरणांचा विचार केल्यास या प्रश्नावर काही प्रकाश पडतो. कारण या दोन्ही प्रकरणांत अशा कादंबरीस लागणारी जवळजवळ सर्व सामग्री आयती उपलब्ध आहे.

प्रथम उमराव शोधकाविषयी. रहस्यकथेच्या आरंभीच्या काळात शोध घेणारा मनुष्य एकतर विक्षिप्त बुद्धिमान असे, किंवा पोलीस अधिकारी असे. विल्की कॉलिन्झच्या द मूनस्टोन (१८६८) या कादंबरीत श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लुटीतून इंग्लंडमध्ये गेलेला एक हिरा एका सरदारी घरातून नाहीसा होतो. तेथे तपासासाठी आलेल्या पोलीस अधिकाऱ्याला घरातील मंडळी मोकळेपणाने काही सांगत नाहीत. नोकरवर्ग त्याला घाबरतो, तर मालकवर्गाला त्याचे प्रश्न अपमानास्पद वाटतात. ही अडचण पुढील लेखकांनी उमराव शोधकाची योजना करून सोडविली. डॉरथी एल्. सेअर्झ (१८९३–१९५७) या लेखिकेने १९२३ मध्ये लॉर्ड पीटर विम्झी हे पात्र निर्माण केले. तो एका ड्यूकचा धाकटा मुलगा. इस्टेटीची जबाबदारी थोरल्या भावाकडे असल्याने त्याला पैसा व सवड दोन्ही भरपूर; जोडीला बंटर हा कमालीचा हुशार सेवक. मार्जरी ॲलिंगम (१९०४–६६) हिचा ॲल्बर्ट कँपियन १९२९ मध्ये आला. त्याचे खरे घराणे अतिशय मोठे असल्याचे केवळ सूचित केले जाते. असा मनुष्य कोणत्याही दिवाणखान्यात आमंत्रणाने जातो. त्याला पगार नाही म्हणून वरिष्ठ नाही, आणि वरिष्ठ नाही म्हणून दडपण नाही. त्याचा एक पोलीस मित्र असतो आणि कायद्याचे अखेरचे काम तो मित्र करतो.

या योजनेत तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. शोधकाला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, हे सर्वांना मान्य असते. निकालात त्याचा स्वतःचा लाभ नसतो. आणि गुन्हेगार ठरलेला मनुष्य गुन्हेगारच आहे, याविषयी कथेतील समाजात व वाचकांत दुमत राहत नाही. ही तिसरी अट सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडे टीकाकारांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे.

भूतकाळात जाऊन रहस्य रचण्याची पद्धत यानंतरची. ॲगाथा क्रिस्ती (१८९०–१९७६) हिने डेथ कम्स ॲज द एंड (१९४४) ही कादंबरी सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या ईजिप्तमध्ये घडविली. तिचे पती पुरातत्त्वज्ञ होते, ही गोष्ट येथे उपयोगी पडली. डच मुत्सद्दी व चिनी विद्येचे अभ्यासक रोबेर्ट व्हान गुलिक (१९१०–६७) यांनी तांग काळातील न्यायाधीश दी याच्या कथा लिहिल्या. जोसेफीन टे हिच्या द डॉटर ऑफ टाइम (१९५१) या कादंबरीत रुग्णालयात पडून असलेला आधुनिक पोलीस अधिकारी इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याच्यावरील पुतण्यांच्या खुनाचा आरोप तपासतो. एलिस पीटर्स (१९१३–९५) हिचा बाराव्या शतकातील भिक्षू कॅडफेल १९७७ मध्ये अवतरला. त्यानंतर या प्रकाराला भरतीच आली. ऱ्हिस बोवेन हिची २००७ पासून निघालेली कादंबरीमाला हलक्याफुलक्या शाखेचा नमुना म्हणून दाखविता येईल. १९३० नंतरच्या इंग्लंडमधील लेडी जॉर्जियाना ही राजघराण्याची दूरची नातलग. किताब आहे पण खिशात पैसा नाही, आणि पाहुणी म्हणून जाईल तेथे कोणाचा तरी मृत्यू ठरलेला.

आता पुण्याकडे वळू. उत्तर पेशवाईत पुण्याच्या रेसिडेन्सीत मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन (१७७९–१८५९) हा रेसिडेंट होता. अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा तो चौथा मुलगा, म्हणजे किताब व इस्टेट यांचा वारस नसलेला उमरावपुत्र, विम्झीच्या जातकुळीचाच. १७९६ मध्ये तो हिंदुस्थानात आला. असईच्या लढाईत (१८०३) तो वेलस्लीबरोबर होता, १८०८–०९ मध्ये काबूलच्या दरबाराकडे गेलेल्या वकिलातीचा तो प्रमुख होता आणि १८११ पासून पुण्यास होता. ग्रीक व लॅटिन ग्रंथांचे वाचन, शिकार आणि प्रवास हे त्याचे छंद. अशा माणसाच्या पुढ्यात १८१५ मध्ये एक खून प्रकरण आले.

बडोद्याचे गायकवाड आणि पेशवे यांच्यामधील जुन्या येण्याचा हिशेब व अहमदाबादचा इजारा हे दोन वाद मिटविण्यासाठी गंगाधरशास्त्री पटवर्धन हे गायकवाडांचे वकील म्हणून इंग्रजांच्या हमीवर १८१४ मध्ये पुण्यास आले. शास्त्री मूळचे पुण्याकडचे. बडोद्यास इंग्रज रेसिडेंटच्या आश्रयाने त्यांचा उत्कर्ष झाला होता. एल्फिन्स्टनने त्यांचे जे वर्णन करून ठेवले आहे, ते रहस्यकादंबरीतील पहिल्या प्रकरणात शोभेल असे आहे. साहेबी रीतीचा आव, भरभर चालणे, भरभर बोलणे, समोरच्याला मध्येच तोडणे आणि बोलण्यात इंग्रजी शब्दांची पेरणी, असा हा विद्वान ब्राह्मण त्याला एकाच वेळी गमतीचा व कर्तबगार वाटला. दुसरा बाजीराव व त्याचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांनी शास्त्र्यांशी आधी तेढ धरली आणि नंतर त्यांना जवळ ओढले. अहमदाबादचा इजारा त्रिंबकजीकडे गेला. पेशव्यांच्या मेहुणीचा विवाह शास्त्र्यांच्या मुलाशी करण्याचे ठरले आणि नाशिकास तयारीही झाली. परंतु बडोद्याहून हिशेबाच्या तडजोडीस मान्यता येईना, तेव्हा शास्त्र्यांनी सोयरीक मोडली. आपल्या पत्नीला पेशव्यांच्या वाड्यात पाठविण्यासही त्यांनी नकार दिला. बाजीरावाला हे अपमान झोंबले, असे इंग्रजी कागदपत्रांत म्हटले आहे.

नाशिकहून पेशवे पंढरपूरच्या यात्रेस निघाले आणि शास्त्री त्यांच्याबरोबर गेले. एल्फिन्स्टन मात्र वेरूळची लेणी पाहावयास गेला. शोधकाला गुन्ह्याच्या वेळी दूर ठेवण्याची युक्ती कादंबरीकारांची आवडती आहे. येथे ती योगायोगाने साधली गेली. जुलै १८१५ मध्ये, आषाढी यात्रेच्या दिवसांत, शास्त्र्यांना बरे नव्हते. देवदर्शनास यावे म्हणून त्रिंबकजीकडून एकामागून एक निरोप आले. अखेर संध्याकाळी ते मोजके लोक बरोबर घेऊन विठ्ठलमंदिरात गेले, दर्शन घेतले, त्रिंबकजीशी बोलले आणि परत निघाले. वाटेत मागून काही माणसे ‘बाजूस व्हा’ असे ओरडत धावत आली आणि त्यांनी शास्त्र्यांवर वार करून त्यांना ठार केले. मारेकरी ज्या बाजूने आले त्याच बाजूस पळून गेले.

एल्फिन्स्टनने पुण्यास परतून केलेला तपास आजही वाचनीय आहे. त्याच्याजवळ पोलीस नव्हते आणि घटनास्थळ परक्या राज्यात होते. पंढरपूर व पुणे येथील बातमीदारांनी पाठविलेल्या हकिगती, शास्त्र्यांच्या माणसांच्या जबान्या आणि बाजाराच्या अफवा एवढेच त्याचे साहित्य. त्यातून त्याने काही प्रश्न बाजूस काढले. आजारी माणसाला देवळात आणण्याचा एवढा आग्रह कोणाचा? मारेकरी मंदिराकडे का पळाले? खुनानंतर शास्त्र्यांच्या लोकांनी मागूनही चौकशी का झाली नाही? स्वतः पेशव्यांभोवतीचा पहारा तेवढा का वाढला? या सर्व प्रश्नांचे उत्तर त्रिंबकजी असेच त्याने काढले. बाजीरावाकडे मात्र त्याने बोट दाखविले नाही; राजाला दोष न देता मंत्र्याला दोष द्यावा, हा सोयीचा मार्ग त्याने पत्करला. दुसरीही एक दिशा होती. बडोद्यातील पदच्युत कारभारी सीताराम याच्या पक्षाचे दोन हस्तक, गोविंदराव बंडोजी व भगवंतराव गायकवाड, त्या वेळी पेशव्यांच्या आश्रयास होते आणि शास्त्र्यांच्या मृत्यूने त्यांचाही फायदा होता. एल्फिन्स्टनने त्यांचीही मागणी केली. परंतु ते त्रिंबकजीचे साथीदार म्हणून. खुनाचे मूळ बडोद्याच्या दरबारी वैरात असावे आणि त्रिंबकजीविरुद्धचा पुरावा ऐकीव होता, असे मत पुढे काही इतिहासकारांनी मांडले. त्रिंबकजीची उघड चौकशी, साक्षीदारांची उलटतपासणी व न्यायनिवाडा असे काहीच झाले नाही, हे मात्र निर्विवाद आहे. फौजेचा धाक दाखविल्यावर सप्टेंबर १८१५ मध्ये बाजीरावाने त्रिंबकजीला इंग्रजांच्या स्वाधीन केले आणि त्याची रवानगी ठाण्याच्या किल्ल्यात झाली.

या कथेतील सर्वांत मजेदार भाग यानंतरचा आहे. एतद्देशीय शिपाई फितूर होतील या भीतीने कैद्यावर केवळ गोऱ्या शिपायांचा पहारा ठेवण्यात आला. परिणाम असा, की पहारेकऱ्यांपैकी कोणालाच मराठी समजत नव्हते. किल्ल्यातील एका अधिकाऱ्याकडे एक मराठा मोतद्दार नोकरीस राहिला. कैद्याच्या खिडकीखाली घोडा फिरविताना वा त्याला खरारा करताना तो गाणी म्हणे. बाहेर कोण थांबले आहे, घोडे कोठे उभे आहेत, केव्हा निघावयाचे, हे सर्व त्या गाण्यांतून आत पोहोचे आणि पहारेकरी ते सूर ऐकत उभे राहत. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री भिंतीला पाडलेल्या भोकातून त्रिंबकजी निसटला. कलकत्त्याचा बिशप हेबर (१७८३–१८२६) याने १८२४ मध्ये चुनारच्या किल्ल्यात त्रिंबकजीला पाहिले आणि गाणाऱ्या मोतद्दाराची ही हकिगत आपल्या प्रवासवृत्तात नोंदवून ठेवली. ती १८२८ मध्ये प्रसिद्ध झाली. बंटरसारख्या सेवकाला साजेशी ही कामगिरी आहे, परंतु हा सेवक शोधकाच्या पक्षाचा नव्हता. त्याचे नावही सर्वसाधारण इतिहासग्रंथांत आढळत नाही.

कादंबरी असती तर शोधकाने येथे दुसरा फेरा सुरू केला असता. एल्फिन्स्टननेही केला, पण तो चतुराईचा नव्हे, तर फौजेचा. त्रिंबकजी डोंगराळ मुलखात माणसे जमवीत असल्याच्या बातम्या येऊ लागताच मे १८१७ मध्ये पुण्याला सैन्याचा वेढा पडला. सिंहगड, पुरंदर व रायगड हे किल्ले ओलीस म्हणून मागण्यात आले. १३ जून १८१७ च्या पुणे तहात त्रिंबकजी हाच शास्त्र्यांचा खुनी असल्याची कबुली पेशव्यांकडून घेण्यात आली. गायकवाडांवरील पेशव्यांचा दावा वार्षिक चार लाख रुपयांवर तोडण्यात आला आणि मराठामंडळाचे प्रमुखपद पेशव्यांना सोडावे लागले. खुनाचा निकाल तहाच्या कलमात लिहिला जाणे ही घटना रहस्यकथेच्या इतिहासात नव्हे, पण राजकारणाच्या इतिहासातही विरळाच म्हटली पाहिजे. शोधक, फिर्यादी, न्यायाधीश आणि निकालाने लाभ होणारा पक्ष हे चारही एकच होते.

उरलेला भाग खडकीस घडला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची फौज शहराबाहेर पडू लागली, तेव्हा एल्फिन्स्टनने मुळा-मुठा संगमावरील रेसिडेन्सी सोडली आणि नदीच्या वाटेने तो खडकीच्या छावणीकडे गेला. मागे रेसिडेन्सीला आग लागली आणि त्याचे पुस्तकसंग्रह व कागदपत्र जळून गेले. कर्नल बर याच्या हाताखाली सुमारे २,८०० इंग्रजी सैन्य होते. बापू गोखल्यांच्या हाताखालील मराठी फौज संख्येने कित्येक पटींनी मोठी होती. गणेशखिंडीच्या पायथ्याशी पसरलेल्या मैदानात दुपारी उशिरा लढाई झाली. मोरोपंत दीक्षित पडले. मराठ्यांचे सुमारे ५०० लोक कामी आले वा जखमी झाले. इंग्रजांकडील मृत व जखमींची संख्या शंभराच्या आत राहिली. बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होता. १७ नोव्हेंबरला पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि जून १८१८ मध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. त्रिंबकजीही त्याच वर्षी पुन्हा पकडला गेला व १८२९ मध्ये चुनारच्या कैदेतच मरण पावला. एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला (१८१९–२७), त्याने हिंदुस्थानचा इतिहास लिहिला आणि गव्हर्नर-जनरलचे पद दोनदा नाकारले.

हलक्याफुलक्या रहस्यकादंबरीची सर्व सामग्री या प्रकरणात असूनही मराठी लेखकांनी तिचा तसा उपयोग केला नाही. वर सांगितलेली तिसरी अट येथे मोडते. गुन्हेगार कोण याविषयी एकमत नाही. एवढेच नव्हे, तर आरोपीकडे पाहण्याची दृष्टीच दोन समाजांत परस्परविरोधी आहे. ना. सं. इनामदार (१९२३–२००२) यांनी झेप (१९६३) ही कादंबरी लिहिली, तेव्हा त्यांनी नायक म्हणून निवडला तो त्रिंबकजी. पुढे मंत्रावेगळा (१९६९) मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडेही त्यांनी सहानुभूतीने पाहिले. इंग्रजी रहस्यकथेच्या रीतीने पाहता हे शोधकाऐवजी संशयितांच्या बाजूने कथा सांगण्यासारखे आहे. पलायनाची मजा या पद्धतीत टिकते. छड्याची मजा मात्र उरत नाही.

शोधकाविषयीच्या अविश्वासाला मराठी गद्यात आणखी जुनी परंपरा आहे. मोरोबा कान्होबा यांचे घाशीराम कोतवाल हे पुस्तक १८६३ चे. रा. भि. गुंजीकरांची मोचनगड (१८७१) ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. तिच्याही आधीचे ते आहे. पुण्याचा कोतवाल, म्हणजे शहराचा गुन्हे-तपास ज्याच्याकडे होता तो अधिकारी, ज्यात नावानिशी केंद्रस्थानी येतो असे हे गद्य. खऱ्या घाशीरामाला १७९१ मध्ये खवळलेल्या जमावाने दगडांनी ठेचून मारले होते. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या नाटकाने हे नाव पुन्हा सर्वतोमुखी केले. ज्या शहराच्या स्मृतीत कोतवाल हाच गुन्हेगार आहे, त्या शहरात उमराव शोधकाचा सज्जन पोलीस मित्र कोठून आणावयाचा, हा प्रश्न गमतीचा वाटला तरी गंभीर आहे.

दुसरे प्रकरण गणेशखिंडीचे. खडकीच्या लढाईनंतर तेथे कायमची लष्करी छावणी झाली, १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला आणि जवळच गणेशखिंडीत १८६४ ते १८७१ या काळात गव्हर्नरचा भव्य प्रासाद उभा राहिला (या वास्तूत पुढे पुणे विद्यापीठ आले). ही वास्तू ज्याच्या कारकीर्दीत सुरू झाली त्या बार्टल फ्रिअरने विल्यम ब्राउन हॉकलीच्या पांडुरंग हरी (१८२६) या मराठेशाहीवरील इंग्रजी कादंबरीच्या १८७३ च्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली, ही जाता जाता नोंदविण्याजोगी गोष्ट. गव्हर्नरचा प्रासाद, पावसाळ्यातील पुणे, पलटणींचे बँड, मेजवान्या आणि बग्ग्यांच्या रांगा असे येथील वातावरण होते. इंग्रजी रहस्यकथेतील उमरावाला याहून सोयीची जागा मिळणे कठीण.

व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी २२ जून १८९७ रोजी या प्रासादात झाली. मध्यरात्रीच्या सुमारास परतणाऱ्या बग्ग्यांपैकी एकीत प्लेग समितीचा अध्यक्ष वॉल्टर रँड होता. गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकराने त्याच्यावर गोळी झाडली. मागील बग्गीतील लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्ण चापेकराच्या गोळीने जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मरण पावला. सरकारने वीस हजार रुपयांचे बक्षीस लावले. मुंबईहून ब्रुइन हा पोलीस अधिकारी तपासासाठी आला. ऑक्टोबरात दामोदर सापडला तो एखाद्या सूक्ष्म धाग्यामुळे नव्हे, तर तुरुंगातील गणेश द्रविड याने दिलेल्या माहितीमुळे. दामोदरला १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. बाळकृष्ण, वासुदेव व महादेव रानडे हे मे १८९९ मध्ये फासावर गेले. त्यापूर्वी फेब्रुवारीत द्रविड बंधूंना प्राणास मुकावे लागले होते.

दामोदरने तुरुंगात स्वतःची सविस्तर हकिगत लिहून ठेवली आहे. ज्या गुन्ह्याचा कर्ता आपले कृत्य अभिमानाने सांगतो, त्यात रहस्य उरत नाही. प्लेगच्या काळात घरझडत्यांनी गांजलेल्या शहराला त्याचा छडा लागावा असे वाटत नव्हते, हेही तितकेच खरे. मराठी वाचकाला या घटनेचे कर्ते शाळेतल्या पुस्तकापासून माहीत असतात आणि ते आदराने माहीत असतात. साहजिकच या रात्रीवर मराठीत नाटके, चरित्रे व चित्रपट (१९७९) निर्माण झाले. ‘खुनी कोण’ या धर्तीची कादंबरी येथे अशक्यच म्हटली पाहिजे.

मराठी रहस्यकथेने मग आपली स्वतंत्र वाट काढली. बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड हे त्यांचे नायक समकालीन मुंबईत वावरतात आणि कायद्याच्या कडेकडेने चालतात. भूतकाळात त्यांना नेण्याचे कारण पडले नाही. संस्थानी मुलूख हाताशी होता. औंध, भोर, सांगली, फलटण, सावंतवाडी या संस्थानांपैकी कोठल्याही राजवाड्यात एखादा विलक्षण बुद्धीचा, थोडा चैनी राजेसाहेब शोधक म्हणून बसविता आला असता, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. तो पुढे इंग्रजीत आला, पण पंजाबी वेषात. अर्जुन राज गैंद यांच्या अ व्हेरी पक्का मर्डर (२०१६) या कादंबरीतील महाराजा सिकंदरसिंग आपल्या काल्पनिक राजपूर संस्थानातील इंग्रज रेसिडेंटच्या मृत्यूचा तपास करतो. काळ १९०९ चा. पुण्याच्या प्रकरणातील पात्रांची ही नेमकी अदलाबदल आहे.

बंगाली साहित्यातील एक उदाहरण पुण्याशी निगडित आहे. ब्योमकेश बक्षी या सत्यान्वेषीचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय (१८९९–१९७०) हे चित्रपटसृष्टी सोडून १९५२ मध्ये पुण्यास स्थायिक झाले. ऐतिहासिक कथाकार म्हणूनही त्यांची मोठी ख्याती होती आणि शिवकालातील सदाशिव नावाच्या मुलाच्या साहसकथा त्यांनी किशोरवयीनांसाठी लिहिल्या. इतिहास व रहस्य ही दोन्ही क्षेत्रे हाताशी असूनही त्यांनी ब्योमकेशला समकालीन बंगालमध्ये ठेवले आणि मावळ खोरे सदाशिवला दिले.

एकविसाव्या शतकात परदेशस्थ भारतीय लेखिकांनी या अडचणीतून वाट काढली. नेव्ह मार्च यांच्या मर्डर इन ओल्ड बॉम्बे (२०२०) या कादंबरीचा आरंभ १८९२ मध्ये पुण्यातील लष्करी रुग्णालयात होतो. राजाबाई टॉवरवरून पडून दोन तरुण पारशी स्त्रियांचा १८९१ मध्ये झालेला मृत्यू हा तिचा आधार. शोधक कॅप्टन जिम अग्निहोत्री हा अनाथ अँग्लो-इंडियन असून पुण्याच्या एका मिशनमध्ये वाढलेला आहे. त्याला साहेब आपला मानत नाहीत आणि एतद्देशीयही मानत नाहीत. खानदानी आहे ते त्याला काम देणारे पारशी कुटुंब. सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्री (द विडोज ऑफ मलबार हिल, २०१८) ही १९२१ च्या मुंबईतील वकील. हे पात्र रचताना नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी (१८६६–१९५४) यांचा आदर्श लेखिकेपुढे होता. डेक्कन कॉलेजची येरवड्याची इमारत खडकीपासून फार दूर नाही. सोराबजींनी पडद्यातील स्त्रियांची कज्जेदलाली कोर्टापुढे मांडण्यात आयुष्य घालविले. या मालिकेतील द सातापूर मूनस्टोन (२०१९) ही कादंबरी सह्याद्रीतील एका काल्पनिक संस्थानात घडते आणि तिच्या नावात कॉलिन्झच्या हिऱ्याची आठवण आहे. पुरुष पोलिसाला वा इंग्रज एजंटाला ज्या जनानखान्याचा उंबरठा ओलांडता येत नाही, तेथे परवीन जाऊ शकते. विम्झीला ड्यूकच्या मुलाचे नाव जी दारे उघडून देई, ती तिला ती स्त्री असल्यामुळे आणि वकील असल्यामुळे उघडी होतात.